दुभाष्याची परीक्षा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटातील यंत्रणेवर लेख लिहावा, हे काही वाचकांना अनधिकारीपणाचे वाटेल. विज्ञान शाखेतील मित्रांनी तर मला तसे तोंडावरच सांगितले. परंतु ज्या प्रश्नाविषयी मला लिहावयाचे आहे, तो माझ्या मते जितका विज्ञानाचा तितकाच हिशेबाचा आहे. प्रश्न असा : संगणक तोच, त्यातील सॉलिड-स्टेट ड्राइव्ह तीच, मधला ड्रायव्हर तेवढा बदलला, तर वेग किती वाढतो? आणि आकडा वाढलेला दिसला, तर तो वाढलेला वेगच असतो, की आणखी काही?

ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खाकी कपड्यांतला बसचा चालक उभा राहतो. संगणकातला ड्रायव्हर मात्र काहीच चालवीत नाही. तो फक्त बोलतो. विंडोजसारखी संचालन प्रणाली एका भाषेत हुकूम सोडते, ड्राइव्हला दुसरी भाषा कळते, आणि हा मधे उभा राहून इकडचे तिकडे व तिकडचे इकडे सांगतो. म्हणून त्याला दुभाषी म्हणणे अधिक योग्य. दुभाषी म्हणजे काय, हे आम्हां बेळगावकरांना समजावून सांगावे लागत नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि अर्जावर इंग्रजी, अशा तीन दगडांवर पाय ठेवून आम्ही वाढतो. प्रत्येक गल्लीत एखादा तरी मुलगा असा असतो, की ज्याला शेजारच्या आजी उताऱ्याच्या कामासाठी हाताला धरून कचेरीत नेतात. त्या मुलाच्या बोलण्यावर आजींचे काम होते किंवा अडते. साहेब तेच, आजी त्याच; मधला मुलगा चलाख असला तर काम दहा मिनिटांत, नाहीतर उद्या या.

आता असे पाहा, की दुभाष्याच्या वेगाचा प्रश्न पूर्वी का उठत नव्हता. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करण्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ जातो. सुईचा दांडा योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद धरा. एकूण सुमारे १२ मिलिसेकंद झाले. समजा, दुभाष्याने आपल्या बोलण्यात ०.०१ मिलिसेकंद घालवला. बारापुढे हा खर्च रुपयात एक दशांश पैसाही भरत नाही. अशा खर्चाची खतावणीत कोणी नोंदसुद्धा घेणार नाही.

सॉलिड-स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे काही नाही. तिच्यात फ्लॅश जातीची स्मृती असते. ही कल्पना जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांची; आज ड्राइव्हमध्ये वापरतात तो नँड प्रकार १९८७ साली जगापुढे आला. साध्या साटा जोडणीच्या ड्राइव्हकडून चार किलोबाइटचा एक तुकडा वाचून घेण्यास सुमारे एक दशांश मिलिसेकंद, म्हणजे ०.१ मिलिसेकंद पुरतो. आता तोच दुभाषी, त्याचा तोच ०.०१ मिलिसेकंद, पण रुपयात दहा पैसे झाला! माल स्वस्त झाला की दलाली डोळ्यांत भरते, हे बाजारातले जुने सत्य आहे. ड्रायव्हरांची तुलना करण्याची लोकांना जी हौस लागली, तिच्या मुळाशी हेच साधे गणित आहे.

हे गणित एक पाऊल पुढे नेऊ. एक तुकडा आला की मग दुसरा मागायचा, अशा रीतीने काम चालले, तर ०.१ मिलिसेकंदाच्या हिशेबाने सेकंदाला १०,००० तुकडे होतात. प्रत्येकी चार किलोबाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० मेगाबाइट. दुभाष्याने ०.०१ मिलिसेकंद अधिक घेतला तर ९,०९० तुकडे, म्हणजे सुमारे ३६ मेगाबाइट. खोक्यावर मात्र ५०० मेगाबाइटच्या पुढचा आकडा छापलेला असतो! तो खोटा नसतो. तो एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा आकडा असतो. पण संगणक सुरू होताना किंवा हिशेबाचा प्रोग्राम उघडताना यंत्र बहुतेक करून लहान लहान तुकडेच मागत असते. खोक्यावरचा आकडा आणि रोजचा अनुभव यांत जे अंतर पडते, ते येथे आहे.

एकामागून एक न मागता पुष्कळ तुकड्यांची मागणी एकदम टाकता आली तर? येथे भाषांचा प्रश्न येतो. जुन्या आयडीई पद्धतीत एका वेळी एकच हुकूम देता येई. तो पुरा झाल्यावर दुसरा. २००४ साली ए.एच.सी.आय. नावाची पद्धत आली, तिने ३२ हुकुमांची एक रांग दिली. खिडकीवरच्या कारकुनाने एकेक अर्ज न घेता बत्तीस अर्जांचा गठ्ठा घ्यावा आणि आपल्या सोयीच्या क्रमाने निकालात काढावा, तसे हे आहे. परंतु ही पद्धत फिरत्या तबकडीचा काळ समोर ठेवून आखलेली होती. २०११ साली एन.व्ही.एम.ई. या नव्या पद्धतीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. तिच्यात एकाऐवजी पासष्ट हजारांहून अधिक रांगा आणि प्रत्येक रांगेत तितकेच हुकूम ठेवण्याची सोय आहे. संगणकातील प्रत्येक प्रोसेसर-गाभ्याला स्वतःची खिडकी मिळाली, म्हणजे कोणी कोणासाठी खोळंबण्याचे कारण उरले नाही.

एवढे प्रास्ताविक पुरे. आता मी ही परीक्षा का घेतली ते सांगतो.

माझे काका लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात. एका खोलीचे ऑफिस, दोन टेबले, आणि २०१२ च्या आसपासचा एक संगणक. कॉलेज सुटल्यावर मी तेथे बिले चढवतो, आणि कन्नड बोलणारी गिऱ्हाईके आली की काकांच्या व त्यांच्यामध्ये बसतो. गेल्या वर्षी संगणक फार रेंगाळू लागला म्हणून काकांनी त्यात सॉलिड-स्टेट ड्राइव्ह बसवून घेतली. फरक पडला. तरी दुरुस्तीवाले गृहस्थ म्हणाले, “नुसती ड्राइव्ह घालून काय होतंय? ड्रायव्हर बदलतो, मग बघा कसं पळतंय ते.” त्यांनी ड्रायव्हर बदलला, त्याचे पैसे घेतले, आणि आधीचा व नंतरचा असे चाचणीच्या आकड्यांचे दोन फोटो काकांच्या मोबाइलवर पाठवले. काही आकडे खरोखरच कित्येक पटींनी वाढलेले होते. काका मला म्हणाले, “बघ, पैसे वसूल झाले की नाही?”

मला आकडे पटले; त्यांचे श्रेय पटेना. आम्हांला परिव्ययाच्या तासाला शिकवतात, की खर्च कमी झालेला दिसला तर तो कच्च्या मालामुळे, मजुरीमुळे की उत्पादन वाढल्यामुळे, हे वेगळे काढल्याशिवाय कोणाची पाठ थोपटू नये. मी यंत्र उघडून पाहिले, म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिले. तेव्हा ध्यानात आले की या गृहस्थांनी एकाच बैठकीत तीन गोष्टी बदलल्या होत्या. पहिली, यंत्र आयडीई पद्धतीवर चालत होते ते ए.एच.सी.आय. पद्धतीवर नेले. दुसरी, विंडोजसोबत येणारा ए.एच.सी.आय. ड्रायव्हर काढून इंटेल कंपनीचा रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी हा ड्रायव्हर घातला. तिसरी गोष्ट मी मुद्दाम पुढे सांगणार आहे. तीन बदल, आणि निकाल मात्र एकच! तीन खात्यांच्या रकमा एका ओळीत लिहिल्या तर कोणताही हिशेब-तपासनीस ती वही परत पाठवील.

म्हणून मी रविवारी ऑफिस बंद असताना एकेक बदल वेगळा करून मोजण्याचे ठरवले. आधी काकांच्या सर्व वह्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. आयडीईवरून ए.एच.सी.आय.वर जाताना विंडोजला आधी कल्पना दिली नाही, तर ते सुरूच होत नाही आणि निळ्या पडद्यावर अडकते. म्हणून पद्धत बदलताना प्रत्येक वेळी ते प्रथम सेफ मोडमध्ये उघडावे लागे. मोजण्यासाठी क्रिस्टलडिस्कमार्क आणि ए.एस. एस.एस.डी. हे दोन फुकट मिळणारे प्रोग्राम घेतले. दुसऱ्या प्रोग्रामची एक सोय मला फार आवडली. तो डाव्या कोपऱ्यात चालू ड्रायव्हरचे नावच लिहितो, ए.एच.सी.आय. असला तर हिरव्या अक्षरांत ‘ओके’ आणि आयडीई असला तर तांबड्या अक्षरांत ‘बॅड’. मास्तरांच्या शेऱ्याची आठवण होते.

मोजणीचे नियम मी कडक ठेवले. प्रत्येक चाचणीपूर्वी संगणक नव्याने सुरू करायचा, पाच मिनिटे थांबायचे, इंटरनेट बंद, ड्राइव्हवर मोकळी जागा तितकीच, आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या पाच फेऱ्या. पाच हा आकडा माझा नव्हे. अशा मोजणीची नियमावली स्निया या संस्थेने केली आहे. ड्राइव्ह नवी कोरी असताना भराभर लिहिते आणि भरत गेली की मंदावते; म्हणून ती स्थिरावेपर्यंत तिला राबवावे आणि मगच मोजावे, असे ती नियमावली सांगते. सलग पाच फेऱ्यांतील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतील अंतर सरासरीच्या २० टक्क्यांहून जास्त नसले पाहिजे, ही त्यांतील एक अट. सांख्यिकीच्या तासाला ‘विस्तार’ शिकताना त्याचा असा उपयोग होईल, असे मला कधी वाटले नव्हते.

निकाल सांगतो. मोठी फाइल सलग वाचण्यात तिन्ही ड्रायव्हर जवळजवळ सारखे निघाले. कारण उघड आहे. या संगणकाची जोडणी साटाच्या दुसऱ्या पिढीची, सेकंदाला ३ गिगाबिटची. प्रत्येक बाइटमागे दहा बिट पाठवावे लागतात, म्हणजे ३०० मेगाबाइट ही तिची भिंत. दुभाषी कितीही वाचाळ असला तरी दाराच्या रुंदीपेक्षा जास्त माल दारातून जात नाही. एकेक तुकडा मागून घेण्याच्या चाचणीतही फरक किरकोळच होता. मात्र बत्तीस हुकुमांची रांग लावून वाचण्याच्या चाचणीत आयडीई अगदी मागे पडला आणि दोन्ही ए.एच.सी.आय. ड्रायव्हर कित्येक पटींनी पुढे गेले. काकांच्या मोबाइलवरील फोटोत वाचनाची जी उडी दिसत होती, ती हीच.

आता खरा सामना : विंडोजचा ड्रायव्हर आणि इंटेलचा ड्रायव्हर. मी पाच-पाच फेऱ्यांचे आकडे रोजकीर्दीसारखे वहीत मांडले. कधी हा पुढे, कधी तो. एकाच ड्रायव्हरच्या पाच फेऱ्यांत आपापसांत जेवढे अंतर पडत होते, त्याहून दोघांच्या सरासरीतील अंतर लहान होते. दोन मुलांच्या गुणांत अर्ध्या गुणाचा फरक असावा आणि तपासणाऱ्याच्या मनाची चढउतार दोन गुणांची असावी, तेव्हा पहिला कोण हे विचारण्यात अर्थ नसतो. म्हणजे गृहस्थांनी ज्या कामाचे पैसे घेतले, त्या ‘ड्रायव्हर बदलण्या’च्या वाट्याला श्रेय जवळजवळ शून्य आले. श्रेय होते पद्धत बदलण्याचे. ती बदलण्यास विकतचे काही लागत नाही, आणि तिच्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच बसलेला असतो.

येथे कोणी म्हणेल, की थोडा का होईना, फरक पडला तर चांगलाच की! त्यावर एक साधा हिशेब पुरे आहे. समजा, वर्षाचा ताळेबंद काढण्यास यंत्राला साठ सेकंद लागतात, आणि त्यांतले सहा सेकंद ते ड्राइव्हची वाट पाहते. नवा ड्रायव्हर दहा टक्के चपळ निघाला, तर वाचले किती? सहाचे दहा टक्के, म्हणजे सहा दशांश सेकंद. साठाचे झाले ५९.४. जीन अमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हाच विचार मांडला होता : एखाद्या भागाचा वेग कितीही वाढवा, त्या भागाचा एकूण कामातला वाटा लहान असेल तर लाभही लहानच राहणार. ‘दहा टक्के वेग वाढला’ हे वाक्य ऐकल्यावर ‘कशाच्या दहा टक्के?’ हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या मुलाच्या तोंडी तरी लगेच यायला हवा.

दुभाष्याची आणखी एक कसोटी आहे, ती घड्याळात दिसत नाही. तो सगळे सांगतो की एखादे वाक्य गाळतो? फ्लॅश स्मृतीवर लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही; आधी मोठा ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो. म्हणून फाइल पुसली की ‘ही जागा आता रिकामी समज’ असे ड्राइव्हला कळवावे लागते. या निरोपाला ट्रिम म्हणतात. २००९ साली आलेले विंडोज ७ हा निरोप देऊ लागले. पण इंटेलचे तेव्हाचे ड्रायव्हर तो पुढे पोचवीत नव्हते. २०१० साली आलेल्या ९.६ या आवृत्तीपासून ते पोचवू लागले. निरोप गाळणाऱ्या ड्रायव्हरची पहिल्या दिवशी चाचणी घेतली तर तो उत्तम गुणांनी पास होईल. त्याचे नापास होणे सहा महिन्यांनी, ड्राइव्ह मंदावल्यावर कळेल. जे सांगितले गेले नाही त्याची नोंद कोणत्याच तक्त्यात नसते.

आता तो राखून ठेवलेला तिसरा बदल.

विंडोजमध्ये डिस्कच्या गुणधर्मांत शिरले की दोन चौकटी दिसतात. पहिलीचा अर्थ, लिहिलेला मजकूर ड्राइव्हने प्रथम आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतला तरी चालेल. ही चौकट सहसा चालूच असते आणि तिच्यात फारसे वावगे नाही. कारण महत्त्वाच्या नोंदीनंतर प्रोग्राम ‘आता हे खरोखर खाली उतरव’ असा वेगळा हुकूम देऊ शकतो, आणि तो पुरा झाल्याचे कळेपर्यंत थांबतो. दुसरी चौकट या हुकुमाविषयी आहे. ती चालू केली, की विंडोज तो हुकूम ड्राइव्हकडे पाठवतच नाही. प्रोग्रामला मात्र ‘झाले’ म्हणून सांगते. दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी ही दुसरी चौकट चालू करून ठेवली होती. त्या चौकटीखाली विंडोजनेच सूचना छापली आहे, की वीज गेली तरी ड्राइव्हला स्वतंत्र वीजपुरवठा असेल तरच हे करा.

तिचा परिणाम मोजण्यासाठी बी.सी.ए.च्या एका मित्राने मला दहा ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. चार किलोबाइट लिही, ‘उतरव’ म्हण, ‘झाले’ ऐकले की पुढचे चार लिही, असे सतत. चौकट बंद असताना दोन्ही ड्रायव्हरांचे आकडे सारखेच मंद. चौकट चालू केली आणि आकडा असा उसळला, की आयडीई ते ए.एच.सी.आय. ही उडीही त्यापुढे फिकी पडली. सगळ्या परीक्षेत ज्याने सर्वांत मोठा आकडा मिळवला, त्याने काम केलेच नव्हते. त्याने ‘झाले’ म्हणण्याची घाई तेवढी केली होती.

कन्नडमध्ये ‘आय्तु’ असा एक शब्द आहे. झाले, असा त्याचा अर्थ. बेळगावच्या कोणत्याही खिडकीवर तो दिवसातून शंभरदा कानी पडतो. आजींचा अर्ज खणात टाकून कारकून म्हणतो, “आय्तु.” मधला मुलगा आजींना सांगतो, “झालं आजी, चला.” आजी समाधानाने घरी जातात. अर्ज वहीत चढला, की नुसता खणात पडला, हे त्या मुलाने विचारलेच नाही तर कामाचा वेग मोठा नामी दिसतो. दहा मिनिटांचे काम दोन मिनिटांत! आणि सहा महिन्यांनी आजींना कळते की त्यांच्या नावाने तेथे काहीच नोंद नाही.

मी काकांना हे सगळे सांगितले. ते लगेच मानणाऱ्यांतले नव्हेत. म्हणाले, “इतके दिवस काही झालं नाही की रे! आता कशाला काढतोस ते?” मी म्हटले, “काका, तुम्ही चेक बँकेत भरता, पावतीच्या अर्ध्या भागावर शिक्का मिळतो. ती रक्कम त्याच दिवशी दुसऱ्याला देऊन टाकता का?”

“छे! चेक वटायला नको?”

“मग ही चौकट म्हणजे शिक्का बघूनच पैसे वाटायची परवानगी आहे. आपल्या यूपीएसची बॅटरी मेलेली आहे. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला तुम्ही पाचशे बिलं चढवलीत, पडद्यावर ‘जतन झाले’ असं आलं, आणि तेवढ्यात लाइट गेली, तर त्यांतली वटलेली किती आणि नुसत्या शिक्क्याची किती, हे कोण सांगणार?”

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे मी गिऱ्हाइकाला सांगणार की तुमचं झालं, आणि वहीत नाही. काढून टाक ते.” चौकटीवरची खूण मी काढली. त्या आठवड्यात यूपीएसला नवी बॅटरी आली. पण बॅटरी आली म्हणून खूण परत केली नाही. यूपीएस वीज जाण्यापासून वाचवतो, संगणक मधेच गोठण्यापासून किंवा एखादी तार सैल होण्यापासून नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरसाठी ज्या ड्राइव्ह बनतात, त्यांपैकी पुष्कळांत कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तरी तात्पुरत्या स्मृतीतील मजकूर खाली उतरवण्याइतकी शक्ती त्यांत साठलेली असते. अशा ड्राइव्हने लवकर ‘झाले’ म्हटले तर तो तिचा अधिकार आहे, कारण शब्द पाळण्याची तरतूद तिने पदरी बाळगली आहे. काकांच्या संगणकातील ड्राइव्ह त्या जातीची नाही.

ड्रायव्हरांचा हा सामना पुढे कोठे जाणार, याविषयी थोडे सांगून थांबतो. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून एन.व्ही.एम.ई.साठीही ड्रायव्हर विंडोजसोबतच येतो. सॅमसंगने २०१५ च्या ९५० प्रो या ड्राइव्हपासून ९७० मालिकेपर्यंत आपला वेगळा ड्रायव्हर दिला होता. पुढच्या ९८० पासून विंडोजचाच ड्रायव्हर वापरला जातो. सगळ्यांची भाषा एक ठरली की प्रत्येकाने घरचा दुभाषी पाळण्याची गरज कमी होते. मात्र दुसऱ्या टोकाला दुभाष्याचे महत्त्व वाढलेही आहे. इंटेलने २०१७ साली बाजारात आणलेली ऑप्टेन ही ड्राइव्ह सुमारे ०.०१ मिलिसेकंदात उत्तर देई. आपल्या मघाच्या दुभाष्याची दलाली तेथे मालाच्या किमतीइतकीच झाली असती. अशा वेगासाठी घंटा वाजण्याची वाट न पाहता ‘झाले का, झाले का’ असे सतत विचारत राहणारे ड्रायव्हरही लिहिले गेले. त्यापायी प्रोसेसरचा एक गाभा त्यांनाच वाहून द्यावा लागतो. ऑप्टेनचा धंदा इंटेलने २०२२ साली गुंडाळण्याचे जाहीर केले, पण तिने विचारलेला प्रश्न राहिला आहे. जोपर्यंत ड्राइव्ह वेगवान होत जातील, तोपर्यंत मधल्या माणसाचा खर्च वरचेवर मोजावाच लागेल.

तो जरूर मोजावा. मोजताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एका फेरीवर विश्वासू नये. कोणत्या कामाचा वेग, ते आधी ठरवावे. आणि सर्वांत मोठा आकडा पुढे आला की टाळी वाजवण्यापूर्वी त्याने काय केले नाही, ते विचारावे. आमच्या वर्गातील पुष्कळ मुले उद्या बँकांत, पतसंस्थांत, कर-सल्लागारांच्या ऑफिसांत बसतील. खिडकीपलीकडचा माणूस एक भाषा बोलत असेल, वही दुसरी. आणि आम्ही मधे असू. आमच्याही कामाचा वेग कोणीतरी मोजील, आमच्याही नावापुढे हिरवी किंवा तांबडी अक्षरे उमटतील. त्या वेळी वहीत उतरल्याखेरीज ‘झाले’ म्हणायचे नाही, एवढे पथ्य पाळले तर आमचा आकडा कदाचित थोडा कमी भरेल. पण खिडकीपलीकडच्या आजींना पुन्हा फेरी पडणार नाही.